स्विग वापरताना या चुका टाळा

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले स्विग हे साधन सी किंवा सी++ ची हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनांची जाहीर यादी, वाचून पायथनसाठी रॅपर, म्हणजे दोन भाषांना जोडणारा कोड, लिहून देते. पण फंक्शनने दिलेल्या पॉइंटरची, म्हणजे मेमरीतील पत्त्याची, मेमरी मोकळी कोणी करायची हे हेडरमध्ये लिहिलेले नसते, म्हणून स्विगलाही ते कळत नाही. घाई करणारे नवशिके नेमके इथेच अडकतात.

फोर्टमधील एका कंपनीत हिशेबाची जुनी सी लायब्ररी आम्ही पायथनला जोडली होती. रात्रभर चालणाऱ्या कामात मेमरी फुगत जाई, कारण नवी नोंद तयार करून देणाऱ्या फंक्शनला ‘%न्यूऑब्जेक्ट’ ही, मिळालेली वस्तू पायथनने मोकळी करायची असे सांगणारी, सूचना दिलेली नव्हती. एका उत्साही सहकाऱ्याने ती पॉइंटर देणाऱ्या सरसकट सगळ्या फंक्शनांना लावली. गळती थांबली आणि प्रोग्राम कोसळू लागला. तक्त्यातील पहिली नोंद दाखवणारे फंक्शन तक्त्याच्या आतलाच पॉइंटर देत होते. पायथनने ती नोंद काम संपताच मोकळी केली आणि पुढे तक्ता मोडताना लायब्ररीने तीच पुन्हा मोकळी केली. चूक एकीकडे आणि कोसळणे भलतीकडे, त्यामुळे दोन दिवस आम्ही निर्दोष ओळी तपासत बसलो आणि दोन्ही रात्री मी चर्चगेटहून शेवटची लोकल धावत पकडली.

तेव्हापासून इंटरफेस फाइल, म्हणजे स्विगसाठीच्या सूचनांची फाइल, लिहिण्याआधी मी लायब्ररीचा सोर्स वाचतो आणि वहीत प्रत्येक पॉइंटरसमोर ‘आपला’ किंवा ‘त्यांचा’ असे लिहितो. ‘त्यांचा’ असेल, तर नोंद हातात असेपर्यंत तक्ताही पायथनमध्ये धरून ठेवतो; नाहीतर तक्ता आधी जातो आणि नोंदीचा पॉइंटर हवेत लोंबकळतो.

संकलित फाइलच्या नावाआधी अंडरस्कोअर हवा, कारण साधे नाव स्विगने तयार केलेल्या पायथन फाइलने घेतलेले असते. सी++ साठी स्विग चालवताना ‘-c++’ हा पर्याय दिला नाही, तर क्लास दिसताच स्विग अडते. टेम्प्लेट, म्हणजे अनेक प्रकारांसाठी लिहिलेले साचे, आपोआप येत नाहीत. हवा तो प्रकार ‘%टेम्प्लेट’ने नाव देऊन मागावा लागतो. हेडरमधील इतर हेडरांच्या आत स्विग आपणहून शिरत नाही, हे मात्र मला सोयीचेच वाटते.

तयार झालेल्या रॅपर फाइलमध्ये हाताने दुरुस्ती करणाऱ्यांना मी समजावणे सोडले आहे. पुढच्या वेळी स्विग चालवले की ती दुरुस्ती पुसली जाते. मी ती फाइल गिटमध्येही, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या साधनातही, ठेवत नाही, म्हणजे तिच्यात हात घालण्याचा मोह कोणाला होत नाही.