जांभळी मंजिरी पाहायला निघण्याआधी

पिशवी भरायला घेण्याआधी कॅलेंडर बघा. जांभळी मंजिरी, शास्त्रीय नाव पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस, ही वर्षायू वनस्पती. पुढच्या वर्षासाठी जमिनीखाली राखून ठेवलेला कंद तिला नाही. पावसाळ्यात बी रुजतं, पाऊस ओसरू लागला की फुलतं, आणि पठार कोरडं पडायच्या आत बी टाकून अख्खं झाड वाळून जातं. कास पठारावर साधारण सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ती दिसते. पाऊस लांबला तर बहरही लांबतो, म्हणून तारीख पक्की करण्याआधी आठवडाभराच्या पावसाची चौकशी करा. मी एकदा आपल्या सोयीने दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. तपकिरी, कुरकुरीत कणसं पाहून परत आलो.

हंगामात कासला माणसांच्या संख्येवर मर्यादा असते, तेव्हा ऑनलाइन नोंदणी आधीच उरकून घ्या. शनिवार-रविवार शक्यतो नकोच. साताऱ्याहून पठार सुमारे २५ किलोमीटर आहे. सकाळी लवकर पोचलात तर गर्दीही कमी आणि ऊनही तिरपं, म्हणजे फोटोसाठी बरं. पठाराची उंची सुमारे १२०० मीटर, त्यामुळे खाली लख्ख ऊन असलं तरी वर धुकं असू शकतं. रेनकोट घ्या. वाऱ्यात छत्री टिकत नाही, आणि ती सावरायच्या नादात माणूस पाय कुठे पडतोय ते बघत नाही.

आता तिची ओळख घरीच करून घ्या, कारण पठारावर जांभळं-निळं बरंच काही असतं. सीतेची आसवं ही फुलं लांबून जांभळीच दिसतात. सोपी खूण कणसाची. मंजिरी तुळशीच्या कुळातली आहे, आणि तिचं नाव ऐकून डोळ्यांसमोर जे येतं तसाच तिचा तुरा असतो, फक्त जास्त दाट. तुळशीची पानं समोरासमोर दोन-दोन असतात. हिची अरुंद पानं एकेका पेराभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी वेढून असतात. झाड जेमतेम वीतभर.

दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र विसरू नका. लांबून दिसणारा तो जांभळा धुरळा पाकळ्यांचा आहे असं वाटतं. भिंगातून पाहा: पाकळ्या इवल्याशा, आणि त्यांच्याबाहेर डोकावणारे चार पुंकेसर. प्रत्येक पुंकेसराच्या दांड्याला बारीक जांभळे केस. सगळ्या तुऱ्याचा रंग आणि तो मऊपणा बहुतांशी या केसांचा आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आधी केलेली दोन वर्षांची फोटोग्राफी फुकट गेल्यासारखी वाटली.

पायात काय घालायचं, हा या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मंजिरी पठारभर नसते. जांभ्याचा कातळ जिथे किंचित खोलगट आहे आणि पावसाचं पाणी वीत-अर्धी वीत साचून राहतं, अशा उथळ डबक्यांमध्ये ती उगवते. कातळावर मातीचा थर काही सेंटीमीटरचाच. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका आणि पोषकद्रव्यं धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली, तोच हा जांभा. माती इतकी कंगाल, की मंजिरीचे शेजारी, सीतेची आसवं आणि दवबिंदू नावाचं रोप, बारीक जीव पकडून आपली भूक भागवतात. मोठ्या झाडाला इथे मूळ घालायला जागा नाही, म्हणूनच अशा चिमुकल्या वर्षायूंचं राज्य चालतं.

लोक विचारतात, हजारोंनी तर दिसतेय, मग दुर्मिळ कशी? डबकं भरून दिसते, पण अशी डबकी मोजकीच, आणि तीही सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या पठारांवर. जगात दुसरीकडे ती नाही. एका डबक्यात दहा जणांनी उभं राहून सेल्फी काढली, तर त्या वर्षीची झाडं बी धरायच्या आतच चिखलात जातात. शिवाय चिखल घट्ट दाबला गेला की पुढच्या पावसात पाणी मुरण्या-साचण्याची तऱ्हाच बदलते. रस्ता, चिऱ्यांची खाण, पवनचक्कीकडे जाणारी वाट, यांनी तर डबकंच जातं.

म्हणून पकड चांगली असलेले बूट घाला आणि उघड्या कातळावरूनच चाला. ओला कातळ निसरडा असतो. निघण्याआधी घरी बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्या, कारण गाजरगवतासारख्या तणांचं बी चिखलातूनच फिरतं. फोटोसाठी कडेला कातळावरच बसा, बुडाखाली प्लास्टिकचा तुकडा असू द्या. ट्रायपॉडचे पाय मात्र डबक्याबाहेरच. मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही भागतं, फक्त शेजारी सहा इंची पट्टी धरून एक फोटो घ्या, आकार नंतर आठवत नाही.

बाकी किरकोळ: पाणी, डबा, वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते). वहीत तारीख, पाण्याची खोली, शेजारी काय काय होतं तेवढं लिहा. फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका, पठाराचं नाव पुरे. फूल तोडून आणायचं नाही हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. आणि कुंडीत लावायला बी मागणारेही भेटतात. ती डबक्याची आहे, कुंडीत रमायची नाही.

यादीत एक दुसरी फेरी मात्र धरून ठेवा, एप्रिलमधली. तेच डबकं शोधा. भेगाळलेली तांबडी माती, वाळकी काडी, बास. पुढचा बहर त्या चार बोटं मातीत बी होऊन पडलेला असतो. टोपी आणि दोन लिटर पाणी घ्या, नऊच्या आत परत फिरा. त्यानंतर कातळावर हात ठेववत नाही.