होडीवरचं फायबरचं ठिगळ का सुटतं? कापड आणि इपॉक्सीच्या या चुका टाळा

सुटलेलं ठिगळ लगेच फेकून देऊ नका. ते उलटं करा आणि खालची बाजू उजेडात बघा. त्याला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील तर इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या, सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) धरलं होतं, खालचं लाकूडच कुजकं होतं. बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल तर पृष्ठभाग नीट घासला नव्हता, किंवा त्यावर तेल-मेण होतं. पांढरे कोरडे धागे दिसले तर काचेच्या धाग्यांच्या कापडात रेझिन मुरलंच नाही. नख रुतत असेल किंवा बोटाला चिकटत असेल तर हार्डनरचं माप चुकलं. बडोद्याजवळच्या चांदोदला नर्मदेत चालणारी लाकडी नाव असो की तलावातली पेडल बोट, दुरुस्ती फसते ती बहुतेक यांतल्याच एखाद्या कारणाने. कारण न शोधता वरून नवा थर चढवला तर तोही जुन्याबरोबर सुटून येतो.

पहिली चूक दुकानातच होते

बडोद्यातल्या मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक भागात जाऊन ‘फायबरचं सामान द्या’ म्हटलं की समोर येतं ते चॉप मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई), पॉलिएस्टर रेझिन आणि ते घट्ट करणारे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट. टाक्या आणि पत्रे बनवणाऱ्यांना हेच लागतं, त्यामुळे दुकानदाराचं काही चुकत नाही. तुम्ही मात्र इपॉक्सी वापरणार असाल तर तसं स्पष्ट सांगून कापड मागा. चॉप मॅटमधले तुकडे एका बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थाने, एकत्र धरलेले असतात आणि तो बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रवात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं. त्यामुळे बहुतेक मॅट इपॉक्सीखाली ताठच राहते, होडीच्या गोलाईवर बसत नाही, आत पांढुरके डाग राहतात आणि रेझिन मात्र भरमसाट पिते. महाग इपॉक्सी अशा मॅटमध्ये ओतणं हा मला सर्वांत वाईट खर्च वाटतो.

इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या, किंवा दोन दिशांचे धागे न विणता दोऱ्याने शिवलेलं बायअ‍ॅक्सियल. लाकडी तळावर संरक्षक आवरण चढवायला २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या) आसपासचं कापड पुरतं. नीट भिजलं की ते जवळपास पारदर्शक होतं, त्यामुळे खाली हवा अडकली असेल तर लगेच कळतं. गोलाई जास्त असेल तर साध्या विणीपेक्षा ट्विल (तिरक्या रेघांच्या) विणीचं कापड छान वळतं. जिथे ताकद हवी, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात तो कोपरा किंवा तडकलेला जोड, तिथे ४०० ते ४५० जीएसएमचं, तिरकस ४५ अंशांत धागे असलेलं बायअ‍ॅक्सियल लावा. त्यातले धागे विणीत वर-खाली वाकत नाहीत आणि कोपरा ओलांडताना सगळेच कामाला येतात. ६०० जीएसएमचं वोव्हन रोव्हिंग, म्हणजे जाड दोरांचं विणलेलं कापड, लहान होडीला नको. त्याच्या खळग्यांत रेझिन साचतं, वजन वाढतं आणि घासून सपाट करताना दिवस जातो.

आणखी एका कापडापासून बडोदेकरांनी विशेष सांभाळायला हवं. कोयलीची रिफायनरी आणि भोवतालचे कारखाने यांमुळे गरम पाइपांवर गुंडाळायचं काचेचं कापड इथे दिसतं, कधी उरलेलं स्वस्तातही मिळतं. दिसायला तेही पांढरं विणलेलंच, पण उष्णतारोधनासाठी असलेल्या अशा कापडाच्या धाग्यांवर अनेकदा विणकामासाठी लावलेला स्टार्च आणि तेलाचा लेप तसाच असतो. इपॉक्सी काचेला धरून राहायला धाग्यांवर सिलेन या जोडणाऱ्या रसायनाचा लेप लागतो. ‘इपॉक्सीला चालणारं, सिलेन फिनिशचं’ असं विचारूनच घ्या. घरी आणल्यावर कापडाची घडी घालू नका, नळीवर गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. घडीची रेघ शेवटपर्यंत पांढरी दिसत राहते.

हार्डनर म्हणजे कॅटॅलिस्ट नव्हे

पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस काम लवकर सुकावं म्हणून कॅटॅलिस्टचे दोन थेंब जास्त घालतो. तिथे ते एका मर्यादेत चालतं. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात, म्हणून जास्तीचा हार्डनर न जुळता उरतो आणि थर मऊ राहतो. काही जोड्यांत १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर लागतो, काहींत निम्म्याला निम्मा. डब्यावरचं माप वजनाचं आहे की आकारमानाचं, हे आधी वाचा. दोहोंची घनता वेगळी असल्याने एकाच्या जागी दुसरं चालत नाही. डिजिटल वजनकाटा वापरा, दोन-तीन मिनिटं घोटा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून पुन्हा घोटा. आणि जुनं पॉलिएस्टरचं सामान घरात असेल तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, त्यांची प्रतिक्रिया स्फोटक असते.

बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. साधारण १० अंश वाढले की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेग दुप्पट होतो. त्यात खोल मगमध्ये अर्धा किलो कालवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने धुरावतं. थोडं थोडं कालवा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. वेळ मात्र संध्याकाळची निवडा. सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. लाकूड थंड होत असताना तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं.

ओलं लाकूड आणि हलणाऱ्या फळ्या

इथे घाई सर्वांत महागात पडते. पाण्यातून काढलेली नाव वरून दोन दिवसांत कोरडी दिसते, आत ओल तशीच असते. ओलावा १२ ते १५ टक्क्यांखाली यायला हवा. मीटर नसेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. आतून घाम धरला तर लाकूड अजून तयार नाही. पावसाळ्यात हा विचारच सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे या कामाचा खरा हंगाम.

फळ्या फळीला लावून, फटीत कापूस भरून बांधलेल्या नावेबद्दल माझं मत ठाम आहे: तिच्यावर पातळ फायबर चढवू नका. त्या फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आकसतात, आणि फुगण्यावरच तिचे सांधे बंद होतात. २०० जीएसएमचं आवरण ही हालचाल रोखू शकत नाही. ते सांध्यांवर तडकतं, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने लाकूड झाकल्या जागीच कुजतं. अशा नावेला चांगला सुतार हवा. प्लायवूडची होडी, एकसंध चिकटवलेलं लाकूड आणि जुनी फायबरची बोट यांवर मात्र इपॉक्सी उत्तम बसतं.

लावताना

फायबरच्या बोटीला भोक पडलं असेल तर कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारा पट. ४ मिलिमीटर जाडीला भोवताली जवळजवळ ५ सेंटिमीटर. एवढं घासायला जीवावर येतं, पण भार याच उतारावरून जातो. मी सर्वांत मोठा तुकडा आधी लावतो, मग लहान होत जाणारे, म्हणजे शेवटी घासताना मोठ्या थराचे धागे कापले जात नाहीत. घासण्याआधी जागा पुसून घ्या, नाहीतर पॉलिश पेपरने मेण आतच रगडलं जातं. ८० नंबरच्या पेपरने घासल्यावर पाणी शिंपडा. ते एकसारखं पसरलं तर जागा स्वच्छ, थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे.

बाहेरचे कोपरे गोल करा, धारेवर कापड उचलतंच. आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीत सिलिकाची बारीक पूड घातलेली लुगदी भरून गोलाई द्या. कापडाइतक्याच वजनाचं रेझिन धरून चाला, लाकूड पिणार ते वेगळं. स्क्रेपरने जास्तीचं ओढून काढा. विणीचा पोत दिसला पाहिजे, तो पुढच्या थरांत भरतो. कापड तरंगतंय असं दिसलं तर रेझिन जास्त आहे.

दमट हवेत सुकलेल्या थरावर कधी तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा. सॉल्व्हंटने पुसला तर तो नुसता पसरतो. पुढचा थर पहिला हिरवा असतानाच, म्हणजे नखाची खूण उमटते पण बोटाला चिकटत नाही तेव्हा लावला, तर घासायची गरज उरत नाही.

नायट्राइल हातमोजे घाला आणि हात थिनरने धुऊ नका. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. घासताना धुळीचा मास्क हवाच.

काम सुकलं की नाण्याने सगळीकडे टकटक करा. भरीव आवाजात मध्येच पोकळ लागला तर तेवढा भाग कापून पुन्हा करा. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटते, त्यामुळे वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या. पॉलिएस्टरचा जेलकोट (फायबरच्या बोटीचा बाहेरचा रंगीत थर) त्यावर भरवशाने धरत नाही. रंगानंतरही घाई नको, २५ अंशांच्या आसपास पूर्ण पक्कं व्हायला इपॉक्सीला साधारण आठवडा लागतो, तोवर होडी पाण्यात उतरवू नका.