ऑटो ब्रेकचा इशारा आला? आधी फडकं घ्या

पाऊस-चिखलात डॅशबोर्डवर ‘सेन्सर ब्लॉक’ असा संदेश येतो आणि धडक टाळणारं ऑटो ब्रेकिंग बंद पडतं. बऱ्याचदा बिघाड नसतो, पुढचा अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरवर, म्हणजे रडार किंवा कॅमेऱ्यासमोर, नुसती घाण असते.

१. गाडी सुरक्षित जागी थांबवा.
२. रडार बहुधा पुढच्या लोगोमागे किंवा बंपरच्या जाळीत असतं. तो भाग ओल्या, मऊ कापडाने पुसा. खरवडू नका.
३. कॅमेरा आतल्या आरशामागे, काचेला लागून असतो. तिथली काच बाहेरून पुसा. आतून वाफ धरली असेल तर डिफॉगर लावा.
४. गाडी बंद करून पुन्हा सुरू करा.

त्या जागांवर हौसेचे स्टिकर तर नकोतच. आणि पुढची काच बदलली असेल, तर नुसतं पुसून भागत नाही. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी दिशा पुन्हा जुळवणं, करून घ्या.