परमिशन डिनाइड? ७७७ मारण्याआधी या चुका टाळा

मे महिन्याची दुपार, कूलरसमोरून उठवत नव्हतं, आणि धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन आला. "भाऊ, ड्रॉइंगचं फोल्डर उघडून नाही राहिलं जी. परमिशन डिनाइड म्हणते."

तिथे ग्लस्टरएफएसचं स्टोरेज आहे, म्हणजे तीन मशीन मिळून एकच सामायिक स्टोरेज, प्रत्येकावर फाइलींची एक प्रत. मी पोहोचेपर्यंत आयटीवाल्या पोराने रामबाण सोडला होता: चमॉड मायनस आर ७७७. चमॉड ही लिनक्समध्ये परमिशन बदलायची कमांड, मायनस आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट, आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. फोल्डर उघडलं, पण पगाराची शीटही सगळ्यांना खुली झाली. आधीच्या परमिशन कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या आणि चमॉडला अनडू नसतो. वर त्याने हे माउंटवरून (स्टोरेज जोडल्यावर वापरणाऱ्याला दिसतं त्या फोल्डरातून) न करता एका मशीनच्या ब्रिकमध्ये, म्हणजे ग्लस्टर त्या मशीनवर प्रत ठेवतं त्या मूळ फोल्डरात, शिरून केलं. ब्रिकला थेट हात लावायचाच नाही. ग्लस्टरला नकळत बदल झाला की तीन प्रतींचा मेळ राहत नाही.

खरी गोम वेगळीच होती. ड्राफ्टिंगवाल्या ताईंना आदल्या दिवशी नवा उबंटू लॅपटॉप मिळाला होता. युजरनेम तेच, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण स्टोरेजला युजरनेमशी घेणंदेणं नसतं, ते यूआयडीचा, म्हणजे मशीनने प्रत्येक युजरला दिलेला, आकडा बघतं. जुन्या लॅपटॉपवर ताईंचा आकडा १००४ होता. नव्यावर त्या पहिल्याच युजर, म्हणून १०००. आणि १००० हा अकाउंटंटचा! म्हणजे ७७७ मारण्याआधीही ताईंना स्वतःची ड्रॉइंग्ज बंद, पण अकाउंटंटच्या खासगी फाइली उघड्या होत्या. याची तक्रार अर्थातच कोणी केली नव्हती.

म्हणून आधी दोन्ही मशीनवर यूआयडी दाखवणारी आयडी कमांड चालवा, फोल्डरमध्ये एलएस मायनस एलएन. शेवटच्या एनमुळे नावांऐवजी आकडे दिसतात. साध्या एलएसवर विसंबलात तर हातातलं मशीन आकड्याला आपल्याकडचं नाव चिकटवून दाखवतं आणि तुम्ही फसता. यूजरमॉड कमांडने युजरचा आकडा बदलला, तर होम फोल्डरमधल्या फाइली आपोआप मागे येतात, बाहेरच्यांची मालकी हाताने बदलावी लागते. माणसं पाच-सहाच्या वर गेली की एलडॅप (सगळ्या मशीनसाठी युजरची एकच सामायिक यादी) लावा, हे आकडे वहीत सांभाळणं जमत नाही.

आकडे जुळूनही अडलं, तर वरची फोल्डरं बघा. फाइल वाचायची परवानगी असून वाटेतल्या एका जरी फोल्डरवर एक्स (आत शिरायची परवानगी) नसेल, तर पोहोचताच येत नाही. नेमआय मायनस एल ही कमांड अख्खी वाट परमिशनसकट दाखवते.

स्टोरेज एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची जुनी पद्धत) माउंट केलं असेल तर आणखी दोन खोड्या. सूडो लावून, म्हणजे रूट (सर्वाधिकारी युजर) होऊनही नकार मिळतो, कारण रूट स्क्वॉश ही सेटिंग रूटला नोबडी, म्हणजे काहीच अधिकार नसलेला युजर, करून टाकते. हे संरक्षण आहे, बंद करू नका. दुसरी, ऑथ-सिस या एनएफएसच्या नेहमीच्या ओळख-पद्धतीत युजरचे फक्त १६ ग्रुप पुढे जातात, सतरावा गळतो.

त्या ऑफिसात शेवटी माउंटवरूनच सामायिक फोल्डरांना २७७० आणि फाइलींना ६६० दिलं (मालक आणि ग्रुपला खुलं, बाकीच्यांना बंद), पगाराचं फोल्डर ७०० केलं (फक्त मालकाला). २७७० मधल्या सुरुवातीच्या २ मुळे नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपमध्ये पडते. युमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परमिशन काढायच्या ते ठरवणारा आकडा) मात्र ००७ हवा, नाहीतर ग्रुपला लिहिता येत नाही. एवढं करूनही ताईंना नकारच येत होता. ग्रुपमध्ये नाव घातलं होतं, पण लॉगआउट करून परत लॉगिन करायला मीच सांगितलं नव्हतं.