नकाशावर गावांची मराठी नावं फुटलीत? आधी कचरा नीट बघा

लेबल फुटलं की बहुतेक जण काय करतात, तर एन्कोडिंगचे (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचे) सगळे पर्याय एकेक लावून बघतात, मधेच कुठेतरी सेव्ह दाबतात आणि जी नावं वाचली असती तीही घालवून बसतात. मीही केलंय हे, एका तालुक्यातल्या गावांची अख्खी यादी प्रश्नचिन्हं झाली आणि बॅकअप नव्हता. म्हणून मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा, मग स्क्रीनवर नक्की कसला कचरा दिसतोय ते बघा, कारण कचऱ्याच्या जातीवरूनच बिघाड कुठे झालाय ते कळतं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन छोटा ए, त्याच्यामागे चार पाय फुटलेला गोल नाहीतर जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हीच माळ परत परत, असं दिसलं तर खूश व्हा, डेटा शाबूत आहे. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, हलंत सगळे सुटे मोजायचे) ३ बाइट घेतं, पहिला बाइट कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक, म्हणून ती माळ. कोणीतरी तेच बाइट विंडोज-१२५२ (रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचतंय, बाकी काही नाही.

शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा, एकाच नावाच्या अनेक फाइलींचा संच) असेल तर नावं त्यातल्या डीबीएफ या तक्त्याच्या फाइलमध्ये असतात आणि ती कुठल्या एन्कोडिंगची ते सीपीजी नावाच्या बारक्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आता लोक व्हॉट्सॅपवर शेपफाइल पाठवताना ३ फाइली पाठवतात आणि हीच मागे राहते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर प्रॉपर्टीज, सोर्स, तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. नाहीतर नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांत फक्त यूटीएफ-८ एवढंच लिहून डीबीएफच्याच नावाची सीपीजी फाइल बनवून शेजारी ठेवा.

क्यूजीआयएसमध्ये नीट आणि वेबवर फुटलेलं असेल तर डेटा पानात कसा येतोय ते बघा. जिओजेसन (नकाशाच्या डेटाची मजकूर-फाइल) जर जावास्क्रिप्टच्या फेचने आणून जेसन म्हणून वाचत असाल तर ब्राउझर तो यूटीएफ-८ समजूनच वाचतो, म्हणजे तिथे फुटलं तर फाइलच बिघडलीय, पानाच्या मेटा टॅगशी खेळत बसू नका. पण डेटा जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये व्हेरिएबल करून स्क्रिप्ट टॅगने आणलाय, तर मात्र पानाच्या वर मेटा चारसेट यूटीएफ-८ आहे का ते आधी तपासा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी. ज्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीला जागाच नाही त्यात कोणीतरी सेव्ह केलंय आणि अक्षरं गेली ती गेली. बहुतेक वेळा गुन्हेगार एक्सेल, त्यात साधं सीएसव्ही निवडू नका, सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो तो घ्या.

नाव अर्धवट येत असेल तर डीबीएफमधल्या त्या फील्डची (रकान्याची) रुंदी बघा, ती बाइटमध्ये मोजतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ बाइट लागतात, फील्ड ४० चं असेल तर बरोब्बर ‘छत्रपती संभाजी’ उरतं, वर चूक आहे हे लक्षातही येत नाही! ३२ चं असेल तर काही टूल अक्षराच्या मधेच कापतात आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. डीबीएफमध्ये जास्तीत जास्त २५४ बाइट, म्हणजे साधारण ८४ चिन्हं. मी तर आता शेपफाइल सोडून जिओपॅकेज हा एकाच फाइलचा फॉरमॅटच वापरतो.

रिकामे चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. मॅपबॉक्स जीएल किंवा मॅपलिब्रे या वेब-नकाशाच्या लायब्रऱ्यांमध्ये चौकोनही येत नाहीत, कधीकधी लेबलच गायब होतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये २३०४ ते २५५९ या युनिकोड रेंजची ग्लिफ फाइल (अक्षरांच्या आकारांची फाइल) ४०४, म्हणजे ‘सापडली नाही’, देतेय का बघा, देवनागरी त्यातच असते.

आणि आता खरी डोकेदुखी. एन्कोडिंग ठीक, फॉन्ट ठीक, तरी ‘चिपळूण’ची वेलांटी च च्या नंतर येते, ‘रत्नागिरी’तल्या त चा पाय मोडलेला दिसतो, ‘कर्जत’चा रफार डोक्यावर चढतच नाही. याचा एन्कोडिंगशी काही संबंध नाही, या लायब्रऱ्यांच्या जुन्या व्हर्जनना जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत, त्या एकेक चिन्ह शेजारी ठेवतात. आरटीएल (उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपींचा) प्लगइन टाकून उपयोग नाही, तो अरबी-हिब्रूसाठी आहे. नावं शंभरेक असतील तर एचटीएमएल मार्कर लावा, ब्राउझर स्वतः नीट जुळवतो (लीफलेट या दुसऱ्या वेब-नकाशा लायब्ररीचे टूलटिप तसेच असतात म्हणून तिथे हा त्रास नाही). फार असतील तर मॅपनिक या सॉफ्टवेअरने रास्टर टाइल (नकाशाच्या तयार चित्रांचे तुकडे) काढा, तो अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी वापरतो.

सरकारी किंवा जुन्या डीटीपीच्या यादीत नावाच्या जागी सरळसाधी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम दिसले तर ते श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं काहीतरी आहे. त्याला एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो आणि नंतर रफार, अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

सगळं दिसायला लागलं की सर्चमध्ये ‘कऱ्हाड’ टाकून बघा. दिसायला एकच असलेला हा ऱ कोणी एका चिन्हात टाइप करतं, कोणी र ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, कोणी झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडणारं चिन्ह) घालून, आणि मग नकाशावर गाव असूनही सर्चला सापडत नाही. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करायची युनिकोडची पद्धत) केलं की एक होतात, तिसरा फाइंड-रिप्लेसने बदला.