मोटरहोमची मैल्याची टाकी तुंबते, वास मारते, मीटर खोटं बोलतो: या चुका टाळा

गाडीत आठवडाभर राहिलं की पाणी जपून वापरायची सवय अंगवळणी पडते. भांडी थोडक्या पाण्यात, अंघोळ दोन मिनिटांत, आणि कमोडचं पेडल दाबायचं तेही घोटभर पाण्यापुरतं. भांडी आणि अंघोळीपुरती ही सवय चांगली आहे. कमोडमध्ये मात्र तीच टाकीच्या मुळावर येते. मैल्याच्या टाकीची कुठलीही तक्रार घ्या, तुंबलेली असो, वासाची असो की टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या मीटरची, तिचा माग काढत गेलात तर बहुतेक वेळा कमी पाण्यापाशीच पोहोचता.

गाडीत साधारणपणे तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, म्हणजे ग्रे टँक, आणि तिसरी कमोडखालची, म्हणजे ब्लॅक टँक. काढून नेता येणाऱ्या कॅसेटच्या टॉयलेटचं तंत्र वेगळं. इथे लिहिलंय ते गाडीला कायम बसवलेल्या टाक्यांबद्दल.

व्हॉल्व्ह उघडा ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुक्कामाच्या जागी गटाराची जोडणी मिळाली की नळी लावायची, ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि टाकी भरण्याची चिंता सोडायची, हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या मोठ्या मुक्कामात मीही तेच केलं. अकराव्या दिवशी कमोडमधलं पाणी खाली उतरायला वेळ घेऊ लागलं. पेडल दाबून टॉर्च मारला तर टाकीत पाणी असं नव्हतंच. पाइपाच्या बरोबर खाली कागद आणि मैल्याचा ढीग साचला होता, कडेने वाळून भेगा पडलेला, आणि त्याचं टोक पाइपाच्या तोंडापासून चार बोटांवर आलं होतं.

कारण साधं आहे. व्हॉल्व्ह उघडा असला की पातळ ते लगेच वाहून जातं आणि जड ते जागच्या जागी बसतं. त्याला भिजवायला, विरघळवायला, ढकलायला पाणीच उरत नाही. म्हणून व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा आणि टाकी किमान दोन तृतीयांश भरल्यावरच उघडायचा. पाण्याचा लोंढा एकदम सुटला तरच तळचं सगळं घेऊन जातो. त्याआधीच निघायची वेळ आली तर कमोडमधून बादल्यांनी पाणी ओता, पातळी वर आणा, मग रिकामी करा.

तो ढीग मोडायला मला तीन दिवस लागले. व्हॉल्व्ह बंद केला, कोमट पाणी भरलं, लवचिक प्लास्टिकच्या नळीने ढिगाच्या टोकाला हळूहळू भोक पाडलं आणि रात्रभर भिजू दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी चालवली, म्हणजे पाणी आत हिंदकळलं. मग रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा भिजवली. तिसऱ्या खेपेला तळ दिसला. उकळतं पाणी मात्र ओतू नका. कमोडची रबरी सीलं आणि प्लास्टिकचे जोड त्याने खराब होतात. नाल्या मोकळ्या करायची तेजाबी रसायनं तर अजिबात नकोत, कारण टाकी रिकामी करताना तेच पाणी तुमच्या हातावर उडू शकतं. लोखंडी सळईही घालू नका, टाकीला भोक पडतं नाहीतर सेन्सर तुटतो.

रिकामी केली की काम संपलं, असं समजणं

टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह लावला की लोक तिथेच थांबतात. कोरड्या तळावर पडलेला पहिला मैला चिकटतो आणि पुढचं सगळं त्यावर चढत जातं. रिकामी केल्यावर लगेच १० ते १५ लिटर पाणी आत गेलंच पाहिजे, टाकी मोठी आणि सपाट असेल तर आणखी. तळ पूर्ण झाकला जाईल एवढं. टाकीत टाकायचं औषध या पाण्यात टाका, कोरड्या टाकीत नव्हे. एन्झाइम आणि जिवाणूंची औषधं पाण्याशिवाय काम करत नाहीत, थंडीत तर फारच सावकाश करतात.

क्रमही लक्षात ठेवा: आधी ब्लॅक टँक, मागून ग्रे. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. त्यासाठी ग्रे टँकचा व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच बंद करून थोडं पाणी साठवून ठेवावं.

बर्फाचे तुकडे टाकून गाडी पळवली की टाकी आतून घासून निघते, हे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि थोड्या वेळात वितळतो, तळाचा थर तो घासणार कधी? फरक पडलाच तर तो हिंदकळणाऱ्या पाण्याने पडतो. नुसतं पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून चालवलंत तरी तेच होईल.

वास आला की ब्लीच ओतणं

हे करू नका. लघवीत अमोनिया तयार होतो आणि ब्लीचशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो, तोही बंद बाथरूममध्ये, तुमच्या तोंडासमोर. शिवाय मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि सीलांचं रबर कडक होतं. फॉर्माल्डिहाइड असलेली औषधं वास दाबतात, पण मुक्कामाच्या जागेचा सेप्टिक टँक ज्या जिवाणूंच्या भरवशावर चालतो त्यांनाही मारतात. आपल्यानंतर ती जागा दुसऱ्यांना वापरायची असते, म्हणून मी ही औषधं गाडीत ठेवतच नाही.

वास आला तर आधी तो येतो कुठून ते बघा. कमोडच्या भांड्यात दोन बोटं पाणी टिकतंय का? टिकत नसेल तर तळाचं सील गेलंय किंवा त्यात कागद अडकलाय. पाणी टिकतंय आणि तरी वास येतोय, तर सिंक आणि शॉवरखालचे वाकडे पाइप तपासा. गाडी बरेच दिवस उभी असली की त्यातलं पाणी सुकतं आणि टाकीतली हवा थेट आत येते. पेलाभर पाणी ओतलं की बंद. फ्लश करतानाच भपकारा येत असेल तर छताचा पंखा चालू आहे का बघा. पंखा आतली हवा बाहेर ओढतो, आणि कमोड उघडताच टाकीतली हवा वर खेचली जाते. फ्लशआधी पंखा बंद करायचा. एवढं करूनही वास राहिला तर टाकीचा छतावर निघालेला पाइप पाहा. पालापाचोळा किंवा घरटं अडकलेलं असू शकतं.

स्वयंपाकाच्या सिंकमधून येणारा आंबूस वास ब्लॅक टँकचा नसतोच. तेल आणि अन्नाचे कण ग्रे टँकमध्ये कुजत असतात. ताटं धुण्याआधी कागदाने पुसली की हा त्रास बराच कमी होतो.

कागद

बरणीत पाणी घ्या, कागदाचे दोन तुकडे टाका, झाकण लावून चार-पाचदा हलवा. चोथा झाला तर तो कागद चालेल, तुकडे तसेच राहिले तर नाही. ओले वाइप्स कधीच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

मीटरवर विश्वास ठेवणं

टाकी नुकतीच रिकामी केली आणि मीटर दोन तृतीयांश दाखवतोय, ही तक्रार फार जणांची असते. बहुतेक गाड्यांत टाकीच्या भिंतीतून धातूची टोकं आत आलेली असतात. पाणी टोकांपर्यंत पोहोचलं की त्यातून वीज वाहते आणि दिवा लागतो. टोकांवर ओल्या कागदाचा किंवा साबण-तेलाचा थर बसला की पाणी नसतानाही वीज वाहत राहते. साबणाचं पाणी भरून गाडी फिरवा, दोन-तीनदा धुवा. बऱ्याचदा मीटर ताळ्यावर येतो. नाही आला तरी अडत नाही. टॉर्च मारून डोळ्यांनी बघितलेलं जास्त खरं असतं.

धुताना आणि नळी काढताना

टाकी धुवायची वेगळी जोडणी काही गाड्यांना असते. व्हॉल्व्ह बंद ठेवून तिथे पाणी सोडलं आणि दुसऱ्या कामाला लागलात तर टाकी भरून मैल्याचं पाणी कमोडमधून नाहीतर छतावरच्या पाइपातून बाहेर येतं. पाणी चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही. या कामाची नळी वेगळ्या रंगाची घ्या आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीजवळही ठेवू नका.

बाहेरचं झाकण उघडताना हातमोजे घाला आणि खाली बादली धरा. झाकण सैल करताच पाणी गळलं तर व्हॉल्व्हच्या पात्याच्या खाचेत काहीतरी अडकलंय. धुताना व्हॉल्व्ह चार-सहा वेळा मागेपुढे करा. तरी गळत असेल तर सील बदला. बहुतेक व्हॉल्व्ह चार बोल्टवर असतात आणि टाकी धुऊन रिकामी केलेली असेल तर काम घरी होतं. दांडा जड झाला तर सिलिकॉनचं वंगण द्या, पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं.

नळीच्या सुरुवातीला पारदर्शक एल्बो, म्हणजे वाकडा जोड, लावून घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, हे त्यातून बघूनच ठरवता येतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत काहीही ठेवू नका. गोठवणाऱ्या थंडीत पाइपांत अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, घालायचं ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं. इंजिनाच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. आणि तीन-चारदा भिजवूनही एल्बोमधून बारीकच धार येत राहिली, तर दाबाच्या पाण्याने टाकी आतून धुणाऱ्या व्यावसायिकाला बोलवा.