यू व्हिसा: अर्जाआधी प्रमाणपत्र

अमेरिकेत गुन्ह्याला बळी पडलेली आणि तपासात पोलिसांना मदत करणारी परदेशी व्यक्ती यू व्हिसासाठी अर्ज करू शकते. २००० साली झालेल्या कायद्याने ही तरतूद केली. अर्जदाराकडे वैध व्हिसा असलाच पाहिजे अशी अट नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर गेलेल्या आणि ‘तक्रार केलीस तर भारतात परत पाठवीन’ अशी धमकी ऐकणाऱ्या स्त्रीने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण हा अर्ज ती स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या संमतीविना करते.

प्रथम गुन्हा कायद्यातील यादीत बसतो का, हे पाहावे. कौटुंबिक हिंसाचार, लैंगिक अत्याचार, गंभीर हल्ला, अपहरण, खंडणी, वेठबिगारी, परदेशी कामगारांच्या भरतीतील फसवणूक हे गुन्हे त्यात आहेत. साधी चोरी नाही. गुन्ह्यामुळे मोठी शारीरिक किंवा मानसिक हानी झाल्याचेही दाखवावे लागते, म्हणून उपचारांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि पोलीस तक्रारीची प्रत पहिल्या दिवसापासून जपावी.

खरी अडचण प्रमाणपत्राची असते. आय-९१८ या अर्जासोबत ‘सप्लिमेंट बी’ हा प्रमाणपत्राचा फॉर्म जोडावा लागतो, आणि त्यावर पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा कामगार खात्यासारख्या तपास यंत्रणेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते. आरोपीला शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही, मदत मात्र प्रत्यक्ष केलेली असावी आणि पुढेही वाजवी मागणी नाकारलेली नसावी. सही करण्याची सक्ती संघीय कायद्यात नाही; कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र यंत्रणांना उत्तरासाठी मुदत घालून दिली आहे. सहीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोहोचला नाही तर प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते, त्यामुळे आपले सविस्तर निवेदन सही मिळण्याआधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे.

आय-९१८ ला शुल्क नाही. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे यांसारख्या अडचणी असल्यास आय-१९२ हा माफीचा अर्जही जोडावा. जोडीदार आणि मुलांचा समावेश करता येतो. अर्जदार २१ वर्षांखालील असेल तर आईवडिलांचाही. हे सारे अनुभवी इमिग्रेशन वकिलाकडूनच करून घ्यावे. पैसे घेऊन ‘सगळे जमवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुकानांत बनावट दरोडे घडवून असे अर्ज करवल्याच्या आरोपाचे खटले २०२४ मध्ये अमेरिकेत दाखल झाले आहेत.

मुख्य अर्जदारांना वर्षाला १०,००० यू व्हिसाच देता येत असल्याने प्रतीक्षा अनेक वर्षांची असते. मधल्या काळात अर्ज प्रथमदर्शनी प्रामाणिक ठरल्यास कामाचा परवाना मिळू शकतो. व्हिसा साधारणपणे चार वर्षांचा असतो, आणि तीन वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. वकिलाला विचारल्याशिवाय या काळात देश सोडू नये आणि पत्ता बदलल्यास दहा दिवसांत यूएससीआयएसला कळवावे. अर्जातील माहिती अत्याचार करणाऱ्याला देण्यास कायद्याने मनाई आहे, तरीही टपाल सुरक्षित पत्त्यावरच मागवावे.